बचनागाची मडकी

मी औषध उकळायची मातीची मडकी बोलतेय. माझ्या पोटात नाना पाले, मुळ्या शिजल्या. पण त्या एका दुपारची आठवण निघाली की अजून माझा थरकाप होतो.

चीनमधल्या सिचुआनच्या डोंगरात एका लहानशा ताओ मंदिरात शेन नावाची म्हातारी जोगीण राहायची. आजाऱ्यांना औषध द्यायची. "माती, पाणी, लाकूड, आग, चौघं तुझ्यापाशी नांदतात. पाचव्या तत्त्वाला, धातूला, तेवढं लांब ठेवायचं; त्याने औषध बिघडतं," असं मला सांगायची. एकटी राहणारी माणसं भांड्यांशीही बोलतात.

त्या दिवशी तान लोहार धापा टाकत आला. त्याची बायको मिनफांग पाच दिवस तापाने फणफणली होती. शेन मला घेऊन तडक निघाली.

मिनफांगचा चेहरा लालबुंद. पांघरूण भिरकावत होती, गार पाणी मागत होती. पण वाटी ओठांशी नेली की मान फिरवायची. शेनने नाडी पाहिली, पावलं चाचपली. पावलं गारठलेली!

"ही आग खोटी आहे," ती म्हणाली. "आत नुसतं यिन माजलंय, गारठा. त्याने यांगला, जिवाच्या उबेला, बाहेर हुसकलंय. ती निघून जायच्या आत माघारी आणायला हवी." आणि तिने माझ्यात बचनागाच्या, त्या जहाल उष्ण मुळीच्या, चकत्या टाकल्या.

तानची आई किंचाळली, "अगं बाई, सून जळतेय आणि तू बचनाग पाजतेस? चुकलीस तर?"

"तर मरेल. नाही दिला तरी मरेल."

कच्चा राहिला तर बचनाग म्हणजे निव्वळ विष. शेन लाकडी पळीने थेंब चाखायची. "जीभ बधिरली. अजून उकळू दे." दुपार कलली. मिनफांगचा श्वास तुटू लागला.

"आजी, उतरव ना! ती चाललीय!" तानने सांडशी उचलली.

शेनने त्याच्या हातावर फटका मारला. "लोखंड लांब ठेव! घाईने तूच मारशील तिला."

मला वाटलं, तडकावं, सगळं चुलीत सांडावं. निदान माझ्या हातून खून तरी नको.

शेवटी शेनने पुन्हा चाखलं; या वेळी जीभ बधिरली नाही. मग स्वतः अर्धी वाटी प्यायली आणि उरलेलं मिनफांगला पाजलं.

चेहऱ्यावरची लाली उतरली. मिनफांग कागदासारखी पांढरी पडली.

"मारलीस! माझी सून मारलीस!" म्हातारीने हंबरडा फोडला. शेन मिनफांगची पावलं धरून बसली.

"कोमट झाली," ती हळूच म्हणाली.

मिनफांगने डोळे न उघडताच म्हटलं, "सासूबाई, किती ओरडता! झोपू द्या जरा."

शेन मंदिरात परतली, मी इथेच, तानच्या घरी राहिले. औषधाची मडकी परत द्यायची नसते. आजारही सोबत जातो म्हणतात. ज्याला गरज पडेल त्याने येऊन न्यावी. गेल्या वर्षी शेन वारली. लोक मला गुणाची मडकी म्हणतात. मी मात्र फळीवरच्या धुळीत जीव मुठीत धरून बसते.

आत्ता अंगणात पावलं वाजतायत. कुणीतरी घाईने येतंय. देवा, मीठ मागायला आलेलं असू दे.