डास पाळायची बादली

शुक्रवारी सकाळी आमच्या गल्लीत साठलेलं पाणी दिसलं, की सुमिराहकाकू, आमच्या भाषेत बू सुमिराह, ते ओतणारच. हातात टॉर्च, डोक्यावर फडकं, तोंडात नबींचं स्तवन. अठरा वर्षं ती डासांच्या अळ्या शोधत घरोघर हिंडतेय. कुंडीखालची ताटली, पिंजऱ्यातली वाटी, काही म्हणून सुटत नाही.

आणि योग्याकार्ताहून आलेल्या आरोग्यसेविका रेत्नोनं डासांच्या अंड्यांची बादली टांगली ती नेमकी तिच्याच ओसरीत!

"या डासांत एक जंतू असतो, बू. तो असला की डेंग्यूचा विषाणू त्यांच्यात वाढत नाही. हे आपल्या डासांत मिसळतील, पुढची पिल्लावळही तशीच निपजेल. दोन आठवडे फक्त पाणी सांडू नका."

"सांडते कशाला!" बू म्हणाली. गेल्या पावसाळ्यात तिची चार वर्षांची नात, वेनिंग, डेंग्यूनं आठ दिवस दवाखान्यात होती. बादली तिला हवीच होती.

समोरचे गिमानकाका, म्हणजे पाक गिमान, कुंपणावरून म्हणाले, "काय बू, बाळं जन्मली का? जन्माच्या केंदुरीला भात जेवायला कधी बोलावताय?"

"जन्मली की तुमच्याकडेच पाठवते जेवायला!"

शुक्रवारी बू स्तवन गुणगुणत ओसरी आवरत होती. देवाचं नाव मुखी असलं की हात आपोआप कामाला लागतात, असं आमचे प्रवचनकार गाऊन गाऊन सांगतात. ते इतकं खरं असेल असं वाटलं नव्हतं. मी "बू!" म्हणेपर्यंत बादली पालथी झाली होती. अळ्या मातीत वळवळत होत्या आणि बू स्वतःच्या हाताकडे बघत उभी.

रेत्नोनं कपाळाला हात लावला. "नवी अंडी देते, पण घर बदलावं लागेल. या गल्लीत कुणी तयार नसेल तर पलीकडच्या गल्लीत."

बू तडक गिमानांच्या दारात.

"पाक, बादली ठेवाल?"

"मी? अठरा वर्षं मला आळशी म्हणताय!"

"म्हणून तर आले. साठल्या पाण्याला कधीच हात न लावणारे गल्लीत तुम्ही एकटेच."

गिमान खो खो हसले. "ठेवतो. पण शुक्रवारी हात आवरायचे!"

पुढच्या शुक्रवारी गिमानांनी झाकण उचललं. "या, बू, बघा लेकरं!"

बू वाकून बघत होती. वेनिंगला तिनं दोन्ही हातांनी कडेवर घट्ट धरलं होतं. पोर उतरायला धडपडत होती, पण बू काही हात मोकळे करेना.