पावणेपाच किलोंचा धसका

मित्रांनो, भाजीवालीचा काटा तुम्ही रोज पाहता. मीही एक जुना काटाच आहे, पण माझ्या ताटात फक्त नुकती जन्मलेली बाळं निजतात. विश्रांतवाडीच्या एका लहानशा प्रसूतिगृहात मी राहतो. माझ्या रंगाचे पोपडे निघालेत, पण सुई अजून शहाणी आहे.

माझी सगळी मिजास त्या सुईवर! ती तीन किलोंच्या पुढे सरकली की आज्यांचे चेहरे खुलायचे, पेढे वाटले जायचे. बाळ हडकुळं निघालं की मात्र माझ्याकडेच संशयाने बघायच्या, जणू मीच मापात पाप करतो.

नवे काटे आले, तरी उम्मेहानी डॉक्टरांनी मला त्यांच्या तपासणीच्या खोलीत ठेवून घेतलं. तिथेच मी गरोदर नम्रताला पाहिलं. सोबत तिच्या सासूबाई, कौशल्याबाई. डॉक्टरांनी साखरेचं पाणी पाजून रक्त तपासायला सांगितलं, तशा सासूबाई उसळल्या.

"अहो, गर्भारणीला कुणी नुसती साखर पाजतं का? आमच्या घराण्यात कुणाला शुगर नाही."

"घराण्याची नाही, हिची तपासायची आहे," डॉक्टर म्हणाल्या.

तपासणी झालीच नाही. आणि ज्या घराला पेलाभर साखरपाण्याचं भय, तिथे डोहाळजेवणांची रांग लागली! सासरचं, माहेरचं, सोसायटीतल्या बायकांचं. बासुंदी, श्रीखंड, वर "दोन जिवांची आहेस, खा!" हा आग्रह. पुढे सोनोग्राफीत बाळ फार मोठं दिसलं. डॉक्टरांनी मोठ्या इस्पितळात नाव घालायला सांगितलं. "आमच्याकडे मुलं थोराडच असतात," असं म्हणून कौशल्याबाईंनी तेही उडवून लावलं, आणि कळा सुरू झाल्यावर सुनेला इथेच आणलं.

मला प्रसूतीच्या खोलीत नेलं. असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. बाळाचं डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला!

"नम्रता, जोर लावू नकोस! दुर्गाबाई, हिचे गुडघे पोटाशी दाबा, घट्ट!" नर्सला सांगताना डॉक्टरांचा एवढा चढलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. बाळ निघालं ते निळसर आणि मुकं. तोंडावर मास्क धरून श्वास दिला, तेव्हा कुठे ते रडलं. नम्रताचा रक्तस्राव थांबता थांबेना.

बाळाला माझ्या ताटात ठेवलं. पावणेपाच किलो! एरवी मी फुगलो असतो. पण त्याचा डावा हात नुसता लोंबत होता. खांदा सोडवताना मानेतल्या नसा ताणल्या गेल्या होत्या. टाचेतून रक्त घेतलं, तर एवढ्या मोठ्या बाळाची साखर पार खाली गेलेली. आईच्या रक्तातल्या जादा साखरेवर ते वाढलं होतं, आणि नाळ कापताच तो पुरवठा तुटला होता. दाराबाहेरून कौशल्याबाई हौसेने विचारत होत्या, "वजन किती भरलं हो?" आत डॉक्टर बाळाला साखरेचं सलाईन लावत होत्या.

मायलेकरं वाचली. परवा बाळ लस घ्यायला आलं. व्यायामाने हात सुधारेल, पण किती, ते डॉक्टरांनाही सांगता येईना. कौशल्याबाईंनी माझ्या सुईकडे पाहिलंसुद्धा नाही. आपलं बोट त्यांनी त्या डाव्या मुठीत सरकवलं. "धर रे राजा, आजीला धर." मूठ मिटली. खांदा हलला नाही.

मित्रांनो, प्रत्येक थोराड बाळ आजारी नसतं. पण मी फक्त वजन सांगतो, तब्येत नाही. तुमच्या घरी बाळ येणार असेल, तर आईला प्रेमाने जेवू घाला आणि डॉक्टर सांगतील ती तपासणीही वेळेवर होऊ द्या. मी मात्र आता सुईची मिजास सोडली आहे. ताटात बाळ आलं की आधी त्याचे दोन्ही हात हलतात का, ते बघतो.