चौथा खांदा

मी एक जुनी बाज आहे. माझे चारही पाय बाभळीचे, त्यांतला एक थोडा आखूड. मला घडवणारे रायभान काही पट्टीचे सुतार नव्हते, पण हातातलं काम प्रार्थनेसारखं करत. त्यांची बायको आसराबाई हिने अंबाडीची दोरी वळून मला विणलं. विणताना ती सारखी गात होती. माझ्या कानावर पडलेलं पहिलं गाणं तिचंच.

मित्रांनो, आमचं गाव अंबडच्या अंगाला, निजामाच्या राज्यात. गावाच्या कडेला ख्रिस्ती झालेली चार घरं होती. पाळकसाहेब महिन्यातून एकदा सायकलीवर येत. चौघांनी एका आजाऱ्याला बाजेसकट प्रभूपुढे नेल्याची गोष्ट त्यांनी सांगितली, आणि रायभानने लगेच लाकूड शोधलं. दवाखाना जालन्याला, आठ कोसांवर. चार घरांनी नेम केला: आजाऱ्याला बाजेवर न्यायचं, प्रत्येक घराचा एक खांदा. आणि जो बरा होऊन येईल, त्याने पुढच्या खेपेला स्वतः खांदा द्यायचा.

गावातले लोक हसायचे. "जिवंत माणसाला चौघांच्या खांद्यावर नेत्यात! काय म्हणावं ह्यांना?"

आमच्या चार घरांतले कचरूमामा उत्तर द्यायचे, "मेल्यावर तर समदेच नेत्यात की! आम्ही जल्दी नेतो, एवढंच."

कचरूमामा बुटके होते. आपल्या खांद्यावर पटक्याची जाड घडी ठेवून ते माझा कोपरा बरोबरीला आणत. आसराबाई पुढे चालत गायची:

चल रे खांद्या, चल गं पाया,
पुढं उभा येशूराया.

त्या ठेक्यावर चौघांची पावलं एकदम पडत. गाणं थांबलं की मी हेलकावे खाई आणि आजारी माणूस कण्हू लागे. तापाने फणफणलेला तिसऱ्या घरचा सांडू, विंचवाने दंश केलेली चौथ्या घरची तुळजाबाई, पाय मोडलेले खुद्द कचरूमामा, सगळे माझ्यावरून गेले आणि चालत परत आले. मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू?

मग पटकीच्या साथीचं साल आलं. रायभानला माझ्यावर घेतलं. जालना दिसू लागलं होतं, पण दुधना नदीच्या वाळूत पोचलो आणि त्यांचा श्वास थांबला. आसराबाईचं गाणं अर्ध्या ओळीवर तुटलं. माझ्यावरूनच त्यांना परत आणलं.

ज्या बाजेवर माणूस जातो ती घरात ठेवत नाहीत. आसराबाईच म्हणाली, "जाळा तिला. आन माझ्या घरचा खांदा मागू नका. तुमचा देव माणसाला अर्ध्या वाटेत टाकतो."

तुळजाबाईने मला जाळू दिलं नाही. तिने मला उन्हात तापवलं, पुन्हा विणलं आणि आपल्या ओसरीवर ठेवलं. त्या दिवसापासून तिने एक नेम धरला. रोज दिवेलागणीला ती आसराबाईच्या ओट्यावर जाऊन बसे आणि अंबाडी वळत राही. तिथून परतली की मला सगळं सांगे.

आसराबाई टोचून बोलायची, "आलीस का? तुझ्या देवाला दुसरं काम न्हाई वाटतं?"

"देवाला हायेत लई कामं. मला हेच हाय."

"मी प्रार्थनेला येणार न्हाई."

"नको येऊ. पण दोरीचं टोक धर, एकटीच्यानं पीळ बसंना."

आसराबाई तोंड फिरवून टोक धरायची. अशी नऊ वर्षं गेली. दुष्काळात तुळजाबाईच्या घरी भाकर नसे, तरी ती जायचीच. तीच अंबाडी माझ्या अंगात विणली जाई.

अठ्ठेचाळीस साल आलं. मोठ्या गडबडीचे दिवस. वाटेवर बंदुका दिसत, गडीमाणसं शिवारात लपून राहत. श्रावणात एका सकाळी तुळजाबाईची सून नंदा अडली. सुईण हात टेकून म्हणाली, "मूल आडवं हाय. जालना गाठा, न्हाई तर दोघंबी जातील." तुळजाबाईचा मुलगा जालन्याच्या जिनिंगात अडकला होता. हाताशी खांदे तीनच होते: कचरूमामा, सांडू आणि स्वतः तुळजाबाई.

तुळजाबाई मला धरून उभी राहिली. तिने आसराबाईच्या घराकडे पाहिलं, पण हाक मारली नाही.

आसराबाईच आली. पदर खोचलेला होता.

"बघत काय राह्यली? उचल की, तुळजे."

"आसरे, तू..."

"नऊ वर्षं ओटा झिजवलास माझा. एक दिस मी खांदा झिजवते."

आम्ही निघालो, पण गाणं नव्हतं. पावलं चुकत, मी हिंदकळे, नंदा दोरीत बोटं रुतवून ओरडे. दुपारी दुधना लागली. गुडघ्याच्या वर पाणी. आसराबाई काठावरच थांबली. हीच ती वाळू.

कचरूमामा म्हणाले, "आसराबाई, ठेक्याबिगर पाण्यात पाय टाकला तर पोर बुडंल."

"मला न्हाई आठवत."

तुळजाबाई हळूच म्हणाली, "तुझी ओळ अर्धी राह्यलीय हितं. तेवढीच म्हण."

आसराबाईने डोळे मिटले. आवाज आधी फाटका आला, मग उघडला: "पुढं उभा येशूराया..." चौघांची पावलं एकदम पाण्यात पडली. मी हलले नाही, मित्रांनो! सबंध नदीत मी हलले नाही.

दवाखान्यात सांजेला मुलगी झाली आणि नंदाही वाचली. आसराबाईने बाळाला माझ्यावर निजवलं, तेव्हा सांडू म्हणाला, "आता नंदावहिनीचा खांदा लागला."

"हिचाबी लागतो," आसराबाई म्हणाली. "पोटात असल्यापास्नं वाहून आणलंय हिला."

पुढच्या रविवारी ती प्रार्थनेला आली. रायभान का गेले, हे तिला अजून कळलेलं नाही आणि मलाही नाही. पण त्यांच्या जागी चौथा खांदा आता तिचा आहे.

माझी दोरी पुन्हा सैल झाली आहे. बाळांनो, ती ओढून घ्या. मात्र एकट्याने ओढू नका. शेजारच्या ओट्यावर कोणी तोंड फिरवून बसलं असेल, तर दुसरं टोक त्याच्या हातात द्या.