सीरमशिवाय

सुरुचीनं फ्लास्क मायक्रोस्कोपखालून काढला, लेबलवरची २००७ सालची तारीख पुन्हा एकदा वाचली आणि फ्लास्क परत ठेवला. पेशी तळाला घट्ट बसल्या होत्या. लांबट, एका अंगाला कललेल्या. आठवा दिवस होता आणि त्या जगल्या होत्या.

वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या लहानशा लॅबमध्ये दोन वर्षं माणसाच्या अस्थिमज्जेतल्या मूलपेशी वाढवायचं काम चाललं होतं. पुढेमागे त्या रुग्णाच्या शरीरात जायच्या, म्हणून पेशींच्या खाद्यात वासराच्या रक्तातलं सीरम वापरायचं नाही असं ठरलं. सीरम होतं तोवर पेशी फोफावत होत्या. ते बंद केल्यावर एका फ्लास्कमधून दुसऱ्यात हलवल्या की दोन दिवसांत मरायच्या.

असं सहा वेळा झालं. सातव्या वेळी सुरुची टेक्निशियन फर्डिनंडना सगळ्यांसमोर म्हणाली, "अंकल, तुमच्या हातालाच स्वच्छता नाही."

फर्डिनंडनी या कामात बावीस वर्षं काढली होती. पंधरा दिवसांनी त्यांनी काम सोडलं.

चूक साधी होती, पण ती सापडली फर्डिनंड गेल्यावर. तळाला चिकटलेल्या पेशी सोडवायला ट्रिप्सिन नावाचं एन्झाइम घालतात. त्याचं काम झालं की सीरम त्याला आपसूक थांबवायचं. सीरम गेलं तसं थांबवणारं कुणी उरलं नाही, आणि ट्रिप्सिन पेशींनाच खात राहिलं. ती पद्धत सुरुचीनंच लिहून दिली होती. फर्डिनंडनी ती तंतोतंत पाळली होती. या वेळी तिनं ट्रिप्सिनला थांबवणारं द्रव्य वेगळं घातलं आणि पेशी जगल्या.

दुपारी ती रिक्षानं फर्डिनंडच्या गावी, पापडीला गेली. ते घरामागच्या वाडीत तोंडलीच्या मांडवाला सुतळी बांधत होते.

"मॅडम? तुम्ही इथं?"

तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. वाटेत जुळवलेली निम्मी वाक्यं राहूनच गेली.

"म्हणजे आता जगतात?"

"हो."

"पेशींनी फ्लास्कचा तळ कितव्या दिवशी भरला?"

"आठव्या."

"आठव्या," ते समाधानानं हसले. मग हातातली सुतळी उगीच उलगडत म्हणाले, "मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. दुसऱ्या लॅबनं बोलावलं होतं. गेलो नाही. म्हटलं, तिथं पण नुकसान करीन."



"परत या, अंकल. मी वर बोलते."

"आता नको. नजर पण पहिल्यासारखी नाही." त्यांनी घराकडे पाहिलं. "एक कराल? आता बोललात तेच हिच्यासमोर सांगाल? मी सांगितलं तर वाटेल, आपलीच बाजू घेतोय."

त्यांनी हाक मारली. त्यांची बायको एमिली हात पुसत ओट्यावर आली. तिनं सुरुचीला ओळखलं. बसा म्हणाली नाही.

"चूक माझी होती," सुरुची म्हणाली.

एमिलीनं शेजारच्या घराच्या उघड्या खिडकीकडे पाहिलं.

"जरा मोठ्यानं सांगा," ती म्हणाली.