तीन माझे, सात त्यांचे

यमुनेने वाटीत तीन चिंचोके टाकले, हात मागे घेतला, क्षणभर वाटीकडे पाहिलं आणि मग उरलेले सातही एकदम आत लोटले.

"पूर्ण दहा?" वत्सलाने विचारलं.

"तीन माहे. बाकीचे त्याइच्यासाठी."

कागदावर चौकोन एकच होता. वत्सलाने पेन उघडं धरून थोडा विचार केला आणि दहा लिहिलं.

चौऱ्याऐंशी सालचा हिवाळा होता. एका संस्थेने सौंसर तहसिलीतली चारशे जोडपी निवडली होती. मुलं किती हवीत, हा सवाल नव्हता. मूल हवं ही इच्छा मनात किती आहे, ते मोजायचं होतं. बायकांना वत्सलाने विचारायचं, पुरुषांना वामनने, तेही वेगवेगळ्या जागी. पुढ्यात दहा चिंचोके आणि एक वाटी. मुळीच नको असेल तर वाटी रिकामी, जिवापलीकडे हवं असेल तर दहा. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या कानावर जाता कामा नये, असं सुपरवायझर अरविंदबाबूंनी दोघांकडून लिहून घेतलं होतं.

लोधीखेड्याच्या वत्सलाला पस्तिशीत हे काम मिळालं आणि तिला ते चटक लागल्यासारखं आवडलं. इच्छा कशी मोजता येते, हे ती रामाकोना गावाच्या गल्ल्या हिंडताना स्वतःशीच घोळवत असे. चार लेकरांच्या आईने वाटीच उपडी घातली होती. एका नव्या नवरीने चिंचोके मुठीतून सोडलेच नाहीत. एकीने पाच टाकून सांगितलं, "अर्धं मन हाये, बाई. अर्धं सकाळी पाहू."

रामाकोन्याच्याच यमुनेच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. मूल नव्हतं. एका वैदूचा काढा ती सकाळ-संध्याकाळ घेई, आणि पोटात अन्न ठरत नसे. आता नागपूरच्या डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं होतं. वीस तारीख ठरली होती. तिची मोठी बहीण अशाच ऑपरेशनला गेली ती परत आली नव्हती.

"भेव लागते, बाई," यमुना म्हणाली होती. "पन त्याइचं मन मोडवत नाही."

सौंसरच्या ऑफिसात नवरा-बायकोचे कागद एकत्र टाचायचं काम वत्सलाकडे होतं. त्या संध्याकाळी यमुनेच्या नवऱ्याचा कागद हाती आला. तुळशीराम, वय बत्तीस, नर्सरीत संत्र्याची कलमं बांधतो. आकडा दोन. खाली वामनने लिहिलं होतं: 'म्हणतो, मला नसलं तरी चालेल. बायकोला फार हाव आहे म्हणून करतो.'

"खरंच असा म्हनला का, भाऊ?" तिने वामनला विचारलं.

"हो न. दोन टाकले, त्यातला एक काढून पाह्यला, मंग पुन्हा टाकला. काहून?"

"काही नाही."

दहा वर्षांपूर्वी वत्सलाच्या नवऱ्याने, सुधाकरने, घरात लेकरू पाहिजे म्हणून दुसरी बायको आणली होती. ती इच्छा सुधाकरची होती, त्याच्या आईची होती की शेजारच्या ओट्यांची, हे वत्सलाला कधीच कळलं नाही.

रविवारी छोट्या रेल्वेगाडीने ती एकटीच रामाकोन्याला उतरली. सांगायचं नाही, फक्त विचारायचं, असं तिने वाटेत दहा वेळा ठरवलं. विचारणं म्हणजे सांगणं नव्हे, असंही ठरवलं. ते मात्र तिला पुरतं पटलं नव्हतं.

"वामनभाऊनं तं विचारलं मले," तुळशीराम म्हणाला.

"आता दोघाइले संगं विचारून राहिली. पाठीले पाठ लावून बसा. दुसऱ्याच्या मनाचा हिशेब करू नका. आपापलंच टाका."

वत्सलाने दोन वाट्या आणि दहा-दहा चिंचोके मांडले. दोघं बसली. यमुनेला बराच वेळ लागला.

"आता पाहा इकडे."

एका वाटीत दोन होते, दुसरीत तीन.

"तुमचे दोनच?" यमुना म्हणाली.

तुळशीराम वाट्यांकडे पाहत राहिला. "मंग आपन नागपूरले कोनासाठी चाल्लो होतो?"

यमुनेचा आवाज चढला. "नऊ वर्सं तो काढा पेली मी. तुमी एक डाव तोंड उघडलं असतं तं?"

"तू रडत होती. मले वाटे, लेकरासाठी रडते."

"काढ्यानं पोटात मयमये म्हून रडो मी."

तुळशीराम हळूच म्हणाला, "पन तीन तं हायेत न तुहे."

"हायेत. तुमचे बी दोन हायेत. राहू द्या ते." तिने डोळे पुसले. "पोट फाडाले नाही येत मी."

"नको येऊ," तो म्हणाला.

यमुना वत्सलाला दारापर्यंत सोडायला आली. "बाई, तुमाले कोनी विचारलं होतं?"

"नाही," वत्सला म्हणाली. "विचाराच्या पयलेच सवत आली."

सोमवारी तिने स्वतःहूनच सगळं अरविंदबाबूंना सांगितलं. ते रागावणारे गृहस्थ नव्हते. दोन्ही कागद त्यांनी पुन्हा वाचले आणि त्यांवर लाल रेघ मारली.

"हे चुकलं, कळतं न तुम्हाला?"

"कळते, साहेब."

"मग का केलं?"

"त्या बाईची वीस तारीख होती." ती थांबली. "अन् पाहावंसंही वाटलं. दोघं संगं बसले तं आकडा बदलते का."

अरविंदबाबूंनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "बदलला?"

"तिचा बदलला. त्याचा तोच राह्यला."

मग त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं आणि तिला जायला सांगितलं. पुढच्या फेरीच्या यादीत तिचं नाव नव्हतं.

वत्सला लोधीखेड्यात ब्लाउज शिवू लागली. ती दोघं नागपूरला गेली नाहीत, एवढं वामनकडून कळलं. उन्हाळ्याच्या तोंडी सौंसरच्या बाजारात ती दोघं तिला दिसली. काढा सुटला होता बहुतेक; यमुना अंगाने भरली होती. भांड्यांच्या दुकानापुढे दोघांची स्वयंपाकाच्या एका गंजावरून हुज्जत चालली होती.

"लहाना घे न," तुळशीराम म्हणत होता. "आपन दोघंच तं."

"मोठाच घ्या," यमुना म्हणाली. "पाहुने येतात."

दुकानदार दोन्ही गंज हातात धरून उभा होता. शेवटी तुळशीरामने मोठा घेतला आणि काखेत मारला. वत्सलाने हाक मारली नाही. वाट अरुंद होती. ती एका पायरीवर सरकून उभी राहिली आणि दोघांना, त्यांच्या बोलण्यात खंड न पाडता, पुढे जाऊ दिलं.