बिनसाखरेच्या गोळ्या

सांगलीत दातांचा दवाखाना चालवणाऱ्या यामिनीच्या नावाआधी ‘डॉक्टर’ लागायचं. मेलबर्नला आल्यावर ते गळून पडलं. इथे ती पब्लिक हेल्थची मास्टर्स करणारी एक स्टुडंट होती, आणि उरलेल्या वेळात इथल्या डेंटिस्टच्या परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. साल होतं २०२३. कोविडनंतर बॉर्डर उघडल्यापासून विद्यार्थ्यांचे नुसते लोंढे येत होते. भाड्याची एक खोली बघायला तीस-तीस जण रांगेत उभे. दोन महिने मैत्रिणीच्या हॉलमध्ये गादी टाकून काढल्यावर कुठे तिला क्रेगीबर्न या उपनगरात शिरीषकाका आणि श्यामलाकाकूंच्या घरात भाड्याने खोली मिळाली.

दोघंही पुण्याचे, आयटीतले, वीस वर्षांपूर्वी इथे आलेले. आदल्या वर्षी काकूंना घशाचा कॅन्सर झाला. रेडिएशनने गाठ गेली, पण लाळेच्या ग्रंथीही जळाल्या. तोंड सदा कोरडं. पोळीचा घास पाण्याशिवाय उतरत नव्हता आणि दात हिरडीपाशी किडायला लागले होते. आवाज बसल्यामुळे त्यांनी माणसांशी बोलणं जवळपास सोडलं होतं. बोलायच्या त्या गुंडूशी. गुंडू म्हणजे त्यांचा सात किलोचा, कुरळ्या तपकिरी केसांचा कुत्रा. रेडिएशनहून घरी आल्या की काकू सोफ्यावर पडायच्या आणि तो त्यांच्या पोटाशी मुटकुळं करून झोपायचा.

काकूंचे ते हाल यामिनीला बघवेनात. एके दिवशी तिने झायलिटॉलच्या पेपरमिंटचा डबा आणला.

“काकू, ही साखर नाहीये. लागते गोड, पण दात किडवणाऱ्या जंतूंना ती पचत नाही. चघळलं की थोडीफार लाळही सुटते. प्रत्येक खाण्यानंतर एक घ्या. डबा हाताशीच ठेवा, म्हणजे विसरणार नाही.”

काकूंनी तो सोफ्याजवळच्या टीपॉयवर ठेवला. महिन्याभरात म्हणाल्या, “तोंडात जरा ओल आल्यासारखी वाटते गं.” त्या दिवशी यामिनी स्वतःशीच गुणगुणत भांडी घासत होती.

एका गुरुवारी काकूंच्या स्कॅनचा रिझल्ट होता. जेवण आटोपून काका-काकू सिटीतल्या हॉस्पिटलला गेले. यामिनी खोलीत वाचत बसली. दोनच्या सुमाराला चहा करायला बाहेर आली, तर टीपॉयखाली चावून चोळामोळा झालेलं झाकण आणि रिकामा डबा. सकाळी तो जवळजवळ भरलेला होता. गुंडू शेजारी बसून मिशा चाटत होता. त्याच्या तोंडाला पुदिन्याचा वास.

यामिनीला हसू आलं. “दातांची काळजी घेतोस होय रे, लबाडा!” तिने फोटोसुद्धा काढला, काकूंना संध्याकाळी दाखवायला. माणसाने अशा गोळ्या जास्त खाल्ल्या तर फार तर पोट बिघडतं, एवढं तिला पाठ होतं. तिने चहा केला. खोलीत जाऊन आणखी एक प्रकरण वाचलं.

वीस मिनिटांनी ओकण्याचा आवाज आला. ती बाहेर धावली. गुंडू उठायला बघत होता आणि त्याचे मागचे पाय फाकत होते, जणू लादीवर तेल सांडलंय. तिने हाक मारली. त्याने तिच्या आवाजाच्या भलत्याच बाजूला बघितलं.

तिने फोनवर टाइप केलं: डॉग, झायलिटॉल. पहिल्या काही ओळी वाचल्या. कुत्र्यांमध्ये रक्तातली साखर झपाट्याने उतरते. मग लिव्हर निकामी होऊ शकतं. एकही गोळी देऊ नका.

जवळच्या व्हेटला, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरला, फोन लावला. तिकडची बाई शांतपणे विचारत होती. “वजन किती? गोळ्या किती? कधी?”

“वीस… नाही, पंचवीस मिनिटं झाली. जास्तही असतील. मला माहीत नव्हतं, आय डिडन्ट नो.”

“ओके. उलटी करवू नका आता. मध आहे घरात? हिरड्यांवर चोळा आणि लगेच घेऊन या.”

मध! गेली कित्येक वर्षं ती आयांना सांगत आली होती, बाळाच्या हिरड्यांना मध लावू नका. आता स्वयंपाकघरात गुडघे टेकून ती गुंडूचा ओठ वर करून त्याच्या फिकट हिरड्यांवर मध चोळत होती.  “गिळ रे राजा. गिळ ना.” मध त्याच्या जिभेवरून लादीवर ओघळला.

गाडी नव्हती. टॅक्सीच्या ॲपवरचा पहिला ड्रायव्हर कुत्रा म्हटल्यावर कॅन्सल करून मोकळा झाला, दुसरा अकरा मिनिटं दूर. तिने गुंडूला टॉवेलात गुंडाळलं आणि शेजारचं दार बडवलं. ट्रेसी बाहेर आली, साठीची, बागकामाचे हातमोजे तसेच हातात. टॉवेलाकडे बघून तिने एकच शब्द विचारला, “व्हेट?” आणि किल्ल्या उचलल्या.

वाटेत गुंडूला झटका आला. सगळं अंग ताठ, पाय हवेत मारतोय. “थांब, थांब, थांब,” एवढंच यामिनी म्हणत राहिली. तेवढ्यात फोन वाजला. शिरीषकाका.

“अगं, अजून आत बोलावलं नाही. उशीर होईल. गुंडूला खायला घालशील? सगळं ठीक ना?”

स्कॅनचा रिझल्ट ऐकायला काकू बाहेर खुर्चीवर बसल्या असतील, पर्स घट्ट धरून. यामिनीच्या तोंडून निघून गेलं, “हो काका, ठीक.”

ट्रेसीला मराठी येत नव्हती, पण तिने आरशातून एकदा बघितलं.

क्लिनिकमध्ये गुंडूला हातातून घेऊन आत नेलं. पाच मिनिटांत व्हेट बाहेर आली. “सलाइनमधून ग्लुकोज लावलंय. पण डोस फार मोठा आहे, पुढचे तीन दिवस लिव्हरचं सांगता येत नाही. त्याला प्राण्यांच्या मोठ्या हॉस्पिटलला हलवावं लागेल. त्याच्या कातडीखालच्या चिपवर मालक म्हणून श्यामला हे नाव आहे. त्यांची परवानगी हवी.”

म्हणजे सांगावंच लागणार होतं. यामिनी बाहेर पार्किंगमध्ये गेली. काकांना लावावा का, असं मनात आलं. पण तिने काकूंनाच फोन लावला.

“काकू, मी काकांशी खोटं बोलले मघाशी. गुंडूने तुमच्या गोळ्या खाल्ल्या. कुत्र्यांना ते विष असतं. मला माहीत नव्हतं. रिकामा डबा दिसला तेव्हा हसले मी. वीस मिनिटं घालवली. आता तो ॲडमिट आहे आणि तुमचा होकार पाहिजे.”

 पलीकडून तो खरखरीत आवाज, “जे करायचं ते करा म्हणावं. सगळं.” फोन बंद.

तासाभराने दोघं थेट मोठ्या हॉस्पिटलला पोहोचले. तोवर गुंडूलाही तिथे हलवलं होतं. काकू यामिनीसमोरून काचेपर्यंत गेल्या. आत गुंडू नळ्या लावून पडला होता. काका यामिनीच्या शेजारी बसले. म्हणाले, “स्कॅन क्लिअर आहे.” वर्षभर ज्या वाक्याची वाट बघितली, ते असं खुर्चीखाली पडल्यासारखं पडलं. कुणी उचललं नाही.

काकू वळल्या. “तुला शिकवलं नव्हतं हे?”

“कुत्र्यांचं नाही शिकवत, काकू.”

“डबा हाताशी ठेवा म्हणालीस. मी ठेवला.”



दुसऱ्या दिवशी लिव्हरचे आकडे चढले. तिसऱ्या दिवशी आणखी.  काकूंनी जेवण सोडलं. पेल्यातून पाण्याचे घोट घेत नुसत्या बसून राहायच्या. यामिनी पहाटे उठून बॅग भरायची आणि जायचं कुठे या विचाराने पुन्हा रिकामी करायची. तिने शहराच्या दुसऱ्या टोकाला, वेरिबीतल्या एका खोलीसाठी मेसेज टाकला आणि तेवढं काकांच्या कानावर घातलं. रांग होती.

चौथ्या दिवशी व्हेटचा फोन आला. आकडे जागच्या जागी थांबलेत. पाचव्या दिवशी उतरले. गुंडूने उकडलेल्या चिकनचे चार तुकडे खाल्ले. आठवड्याने तो घरी आला, पोट भादरलेलं, बरगड्या दिसणारा, आणि दारातच यामिनीच्या पायांवर जाऊन बसला. तिने हात खिशातच ठेवले. त्याला हात लावायचा हक्क आपल्याला उरलाय का, तेच तिला कळत नव्हतं.

संध्याकाळी काकूंनी तिला हाक मारली. “वेरिबीचं काय झालं?”

काकांनी सांगितलं असणार. “अजून काही नाही.”

“तिथून युनिव्हर्सिटीला जायला दोन तास लागतील.” काकू थांबल्या, पाण्याचा घोट घेतला. “ती गोळी या घरात परत येणार नाही.”

“नाही, काकू.”

“आणि तू आमच्याशी परत खोटं बोलायचं नाहीस. स्कॅन असू दे नाहीतर काही असू दे.”

“नाही.”

 मग काकूंनी गालावर बोट दाबलं. “ही दाढ दुखतेय तीन दिवसांपासून. गोळ्या बंद झाल्यापासून तोंडात नुसती राख आहे. दुसरं काही असतं का?”

“दातांवर बसवायचे साचे करून देतात, त्यात फ्लोराइडचं जेल घालून रोज लावायचं. पण ते इथल्या डेंटिस्टने करायला हवं. मला परवानगी नाही.” तिने गुंडूकडे बघितलं. “ते जेलही गुंडूपासून लांब ठेवावं लागेल. मी आधी वाचलं.”

“मग उद्याची अपॉइंटमेंट घे,” काकू म्हणाल्या. “आणि चल माझ्याबरोबर. त्यांची ती दातांची भाषा मला अर्धी कळत नाही.”

यामिनीने फोन काढला. वेळ मिळाली ती तीन आठवड्यांनंतरची. तिने ती घेतली, आणि त्याआधी कुणाची कॅन्सल झाली तर कळवा, असंही दोनदा बजावून सांगितलं.