मंगळवारपासूनचा ताप

"हे लंगोट कुणी धुतले?"

उनाइसी होडीतून उतरून सरळ घरामागे आली होती आणि खांद्यावरची पिशवीही तिने अजून खाली ठेवली नव्हती. दोरीवर बाळाचे चौदा लंगोट वाळत होते. एकेक झटकून, कडेला कड जुळवून, नीट चिमटे लावलेले. घरातल्या पुरुषांचं हे काम नव्हे, हे तिला पाहताक्षणीच कळलं.

दारात जाळं शिवत बसलेला तिचा मुलगा एपेली म्हणाला, "मी धुतले."

"तू? तुला स्वतःची चड्डी पिळता येत नाही मेल्या, आणि चिमटे लावतोस?"

आतून सुनेचा, लितियाचा आवाज आला. "मीच धुतले, आई. तीन दिवसांचे साठले होते, वास मारत होते. काल रविवार, म्हणून हात लावला नाही. आज सकाळी ओढ्यावर गेले नि लगेच आले."

"बाराव्या दिवशी! ओढ्याच्या गार पाण्यात! आणि धाकट्या जावेला मी सांगून गेले होते ना?"

"काकींना शाळेत बोलावलं होतं."

उनाइसी पायरीवर बसली. चर्चच्या बायकांच्या सभेला ती फक्त तीन दिवस गेली होती, तीही पाद्रीबाईंनी फार गळ घातली म्हणून. एपेलीने खाली घातलेली मान वर काढली नाही. ओढ्यावर जाणाऱ्या बायकोला त्याने अडवलं नव्हतं. अडवायचं असतं हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

उनाइसीचं गाव ज्या बेटावर होतं तिथे बाळंतीण आजारी पडली की गाव तिला काही विचारत नाही, तिच्या घराला विचारतं. ओझं कुणी उचलायला लावलं? गार पाण्यात कुणी जाऊ दिलं? त्या दुखण्याला तांदोका म्हणतात. तांदोका म्हणजे उलटलेलं बाळंतपण, आणि ते आपोआप उलटत नाही, घरच्यांच्या हेळसांडीने उलटतं, असं तिथलं लहान मूलही सांगेल. ज्या घरात तांदोका झाला त्या घराकडे चार वर्षांनीसुद्धा बोट दाखवतात.

उनाइसीला हे कुणी सांगायला नको होतं. एकतीस वर्षांपूर्वी ती या घरात आली तेव्हा सासू आधीच वारलेली आणि घरात सहा पुरुष. एपेली झाल्यावर सहाव्या दिवशी ती शेतात कसावा उपटत होती. मग अंग तापलं, महिनाभर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तेव्हापासून हाताचे सांधे धरले ते कायमचे. पण सांध्यांपेक्षा तिला दुसरंच लागलं होतं. त्या महिन्याभरात 'काही खाल्लंस का' एवढंही कुणी विचारलं नव्हतं. तेव्हाच तिने ठरवलं होतं की आपल्या सुनेच्या वाट्याला हे येऊ द्यायचं नाही.

आणि दिलंही नव्हतं. कंदावू बेटावरची ही पोर लेकीसह इस्पितळातून आली तेव्हापासून उनाइसीने तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. दोन वेळा कढत पाण्याने अंघोळ, डोळा उघडायच्या आत नारळाच्या दुधातलं माशाचं कालवण, वर हिरवा पाला आणि उकडलेले कंद. पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू द्यायची नाही. गावातल्या बाया चेष्टा करायच्या, "उनाइसी, सुनेला घास चावूनपण देतेस का गं?"

"दात शाबूत असते तर तेही केलं असतं," ती म्हणायची, आणि मनातून फुलायची. खोटं कशाला बोला, सुनेवर माया होती तशी या कौतुकाचीही तिला चटक लागली होती.

मंगळवारी दुपारी लितियाला थंडी भरली. बाहेर कौलं तापून निघाली होती आणि ही दोन घोंगड्यांखाली कुडकुडत होती. उनाइसीने तिच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"सर्दी आहे," ती म्हणाली.

"नाकाला काहीच नाही, आई. ओटीपोटात दुखतंय. नर्सबाईंना बोलावू या?"

"नर्सबाई येऊन काय करणार? तिला सकाळी सांगितलेलं दुपारी चर्चच्या पायरीवर ऐकू येतं. मी पाला आणते. दोन दिवसांत बरी होशील. शनिवारी तुझ्या माहेरची माणसं यायचीयत, तोवर ठणठणीत व्हायला हवीस."

शनिवारी कंदावूहून लितियाची आई केलेरा बारा-पंधरा माणसं आणि चटयांचे भारे घेऊन नात मांडीवर घ्यायला येणार होती. आईच्या घरच्यांनी येऊन मूल उचलायचं, हा तिथला मोठा मान. त्याच दिवशी लेक तापाने फणफणलेली दिसली तर?

लितियाने घोंगडी हनुवटीपर्यंत ओढली. मग म्हणाली, "मग नकोच सांगू या कुणाला. कपडे मी धुतले नि बोल तुम्हाला लागायचा. माझी आई बोलायला लागली की कुणाचं ऐकत नाही."

"शहाणी माझी ती," उनाइसी म्हणाली आणि तिच्या केसांवरून हात फिरवला. तो हात फिरवताना तिला किती बरं वाटलं होतं, हे नंतर आयुष्यभर तिच्या डोक्यातून जायचं नव्हतं.

तिने हयगय केली नाही. उलट इतकी सेवा तिने आधीही केली नव्हती. डोंगरात जाऊन स्वतः पाला तोडून आणला, कुटला, उकळला, चमच्याचमच्याने पाजला. दाराला पडदा लावला. धाकट्या जावेला सांगितलं, "बाळ-बाळंतीण झोपल्यात." नवऱ्याला, सैमोनीला, सांगितलं, "कुणी विचारलं तर अंग जरा मोडून आलंय म्हणा." सैमोनी उभ्या जन्मात बायकोच्या शब्दाबाहेर गेला नव्हता. एपेलीने एकदा विचारलं, "आई, होडी काढू का?" त्यावर ती म्हणाली, "चार बाळंतपणं मी काढलीयत की तू?" तो पुन्हा जाळं शिवायला बसला.

बुधवारी लितियाच्या खालचे कपडे बदलताना उनाइसीला वास आला. बाळंतिणीच्या खोलीचा वास तिला पाठ होता. हा तो नव्हता. तिने ती फडकी चुलीत घातली आणि पाल्यात आणखी एक मुळी वाढवली.

गुरुवारी नर्सबाई आपणहूनच दारात उभी राहिली. पलीकडच्या गावातल्या आरोग्य केंद्रातून चालत आलेली, छत्री मिटत. वासेमाथा तिचं नाव. बोलघेवडी खरी, पण कामात चोख.

"काय म्हणतेय बाळंतीण? ताप, थंडी? पोट दुखतंय? अंगावरून जास्त जातंय, वास येतोय?"

सगळ्याच गोष्टी पडद्यापलीकडे होत्या. मध्ये फक्त एक फुलाफुलांचं कापड होतं आणि उनाइसी.

"काहीच नाही, सिस्टर. आत्ता पाजून झोपली बघा. शनिवारी माहेरची यायचीयत, म्हटलं तेवढीच विश्रांती."

"एकदा डोकावून जाते."

"उठवू नका हो. पोर रात्रभर किरकिरत होती."

नर्सबाई हसली. "बरं, राहू दे. तुमच्या घरात मी काय बघायचं म्हणा! बाळंतिणीला कसं ठेवावं हे गावाने तुमच्याकडून शिकावं." तिने वहीत खूण केली आणि छत्री उघडून निघून गेली.

उनाइसीने तिला हाक मारायला तोंड उघडलं होतं. उघडलं होतं, हे तिचं तिला पक्कं ठाऊक होतं. आवाज मात्र निघाला नाही.

शनिवारी पाहुणे आले. उनाइसीने सुनेला उशांना टेकवून बसवलं, गालांना खोबरेल चोळलं, कानामागे फूल खोवलं. तापाने लितियाचे गाल लाल झाले होते, त्यामुळे लांबून ती तजेलदारच दिसत होती. चटया अंथरल्या गेल्या. कंदावूच्या म्हाताऱ्याने देवमाशाचा दात, तिथला सगळ्यांत मोठा मानाचा आहेर, दोन्ही हातांत धरून भाषण सुरू केलं. केलेराने नातीला मांडीवर घेतलं, तिचं कपाळ हुंगलं, मग दुसऱ्या हाताने लेकीचा हात धरला.

केलेराचा चेहरा बदललेला उनाइसीला समोरून दिसला. पण मानाचं भाषण चालू असताना मध्ये बोलायची तिथे रीत नाही. म्हातारा पूर्वज मोजत होता, समुद्र वर्णन करत होता, दोन्ही घरांची नाती उलगडत होता. केलेरा लेकीचा हात घट्ट धरून तशीच बसून राहिली. दोन्ही बाजूंच्या टाळ्या होईपर्यंत दोघी विहिणी एकमेकींकडे बघत होत्या. मग केलेरा उठली.

"हिला होडीत घाला. आत्ताच्या आत्ता."

"कालपासून जरा अंग मोडून—" बायकोने पढवलेलं वाक्य सैमोनीने म्हणून टाकलं.

शहरातल्या इस्पितळातही एपेलीने तेच सांगितलं, "कालपासून." रविवारी दुपारी, सगळं बेट चर्चमध्ये असताना, लितिया गेली. ती तेवीस वर्षांची होती आणि तिची लेक सतरा दिवसांची.

डॉक्टरीणबाईंनी एपेलीला आणि उनाइसीला बाजूला बसवून सांगितलं. वारेचा एक तुकडा आत राहिला होता, तो कुजला, विष अंगभर पसरलं. उनाइसीने खालमानेने विचारलं, "तिने ओढ्यावर कपडे धुतले होते. गार पाण्यात."

"त्याचा काही संबंध नाही, मावशी. ती गादीवरून उतरली नसती तरी हे झालं असतं. पण हा एका दिवसाचा ताप नाही. तीन दिवस आधी आणली असती तर आत साफ करून, औषधं देऊन घरी पाठवली असती."

म्हणजे घराचा दोष नव्हता. ज्या आरोपाला भिऊन तिने पडदा लावला होता तो आरोप मुळात खराच नव्हता. तांदोकाची भीती ज्या म्हाताऱ्यांनी घालून ठेवली त्यांनी ती बाळंतिणीला निजवून ठेवण्यासाठी घातली होती, लपवून ठेवण्यासाठी नव्हे. उनाइसी इस्पितळाच्या बाकावर बसून राहिली. तिला रडूसुद्धा येईना.

मातीनंतर चौथ्या दिवशी दोन्हीकडची माणसं घरात समोरासमोर बसली. धुतलेल्या लंगोटांची गोष्ट तोवर गावभर झाली होती. धाकट्या जावेनेच रडत रडत सांगितली होती. कंदावूकरांनी डॉक्टरांना काही विचारलंच नव्हतं. त्यांना उत्तर मिळालं होतं.

केलेराने जावयाकडे पाहिलं. "बाराव्या दिवशी माझी लेक ओढ्यावर गेली तेव्हा तू कुठे होतास?"

एपेली गुडघ्यांवर आला. त्याने मान जमिनीपर्यंत वाकवली. "चुकलं माझं. मी घरातच होतो. अडवली नाही."

सैमोनीने क्षमेचा दात पुढे सरकवला. सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. पोरगा अजाण, सासू बाहेरगावी, बाळंतीण हट्टी. अशा चुका घरोघरी होतात आणि दात पुढे केला की पोटात घातल्याही जातात. उनाइसीने फक्त गप्प बसायचं होतं.

"तो दात मागे घ्या," ती म्हणाली.

"गप्प बैस," सैमोनी पुटपुटला. जन्मात पहिल्यांदा.

"कपड्यांनी नाही गेली ती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. पोटात वारेचा तुकडा राहिला होता. ताप शुक्रवारी नाही आला, विहीणबाई. मंगळवारी आला. मला मंगळवारपासून माहीत होतं. बुधवारी वास आला, मी फडकी जाळली. गुरुवारी नर्सबाई दारात आली होती, तिला मी दारातूनच परत लावली. या पोराला काही बोलू नका. तो होडी काढतो म्हणत होता."

दाराशी बसलेली नर्सबाई वासेमाथा हुंदका देऊन उठली आणि बाहेर गेली.

केलेराने विचारलं, "मग तिने मला का नाही सांगितलं? मी आले, मी हात धरला, तेव्हासुद्धा?"

"माझं नाव जाईल म्हणून."

केलेरा तिच्याकडे बघत राहिली. आवाज चढवायचा तिने प्रयत्न केला असावा, पण तो चढला नाही. "इतकी माया लावली होतीत तुम्ही तिला?"

दात कुणी उचलला नाही, कुणी मागेही घेतला नाही. तो चटईवर तसाच राहिला. केलेरा म्हणाली, "पोर मी नेते," आणि घरातल्या एकानेही नाही म्हटलं नाही.

कंदावूची होडी भरतीला निघाली. नातीला किनाऱ्यापर्यंत उनाइसीनेच आणलं. दुपट्यात गुंडाळताना पायांकडची बाजू तिने जरा सैल ठेवली; पोरीला घट्ट आवडायचं नाही. कमरेएवढ्या पाण्यात चालत जाऊन तिने ते गाठोडं केलेराच्या हातात दिलं. दोघींची बोटं एकमेकींना लागली. उनाइसी मागे येऊन किनाऱ्यावर उभी राहिली. गावाची माणसं तिच्यापासून जरा अंतर ठेवून उभी होती.

यंत्र सुरू झालं. होडी वळता वळता केलेरा अर्धवट उठली आणि ओरडली, "दुधाच्या पावडरीचे चमचे किती? एका वेळेला?"

उनाइसी 'तीन' म्हणाली, पण ते यंत्राच्या आवाजात बुडालं. तिने उजवा हात उंच केला आणि तीन बोटं दाखवली. केलेराला दिसलं की नाही कळेना, म्हणून हात तसाच वर धरून ठेवला. किनाऱ्यावरच्या लोकांना वाटलं, ती निरोप देतेय. त्यांनीही हात वर केले.